उरलेलं पुसू का?

दादाचं ड्रिल परत करायला म्हणून लाल्या गेला आणि दारातच अडकला. वहिनीने दार उघडलं, ओले हात फडक्याला पुसले, ड्रिल हातात घेतलं, पण आत या म्हणाली नाही. एकदा मागे वळून बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "भावजी, ह्यांनी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं ना? त्याचं काय केलंत?" लाल्या हसला. ज्याला काहीच आठवत नाही तो माणूस हसतो, तसं. "करतोय की," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच आपण काय करतोय हे आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला लख्ख कळलं. "काय ते मला नाही सांगितलं," वहिनी म्हणाली, "आम्हा भावाभावांतलं आहे म्हणाले. मी म्हटलं असू दे. पण शनिवारी तुमच्या कार्यक्रमाहून आल्यापासून गप्प आहेत." "गप्प तर तो जन्मापासून आहे, वहिनी." घरात हा विनोद नेहमी चालायचा. आज चालला नाही. "ते गप्प वेगळं आणि हे वेगळं," ती म्हणाली. "तुम्हाला तरी कळायला हवं." मग तिने दार हलकेच लोटून घेतलं, त्याच्या तोंडावर नाही, पण आता निघा हे कळावं इतकं.

जिना उतरताना त्याने आठवायला सुरुवात केली, आणि रस्त्याला लागेपर्यंत त्याच्या कपाळाला घाम फुटला होता. दादा काहीतरी विचारायला आला होता हे खरं. तो दिवसही डोळ्यांसमोर होता. सुटीची दुपार, खोलीचं दार सताड उघडं, टेबलावर आवाज भरून घेऊन वाजवणारं मशीन, म्हणजे सँपलर, त्याला जोडलेला छोटा मिक्सर, आणि लाल्या माइक उघडा ठेवून लाकडी खोक्यावर टिचक्या मारत बसलेला. चांगली टिचकी मिळत नव्हती. दादा लाल्याचा दुरुस्त केलेला चष्मा घेऊन आला. दादा चष्म्याच्या कारखान्यात काचा घासतो; लाल्याला जे काही जग दिसतं ते दादाने घासलेल्या काचांतून. चष्मा त्याने टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि मागे उभा राहून बोलायला लागला. ही गोष्टच केवढी मोठी होती! दादा आपणहून, समोरच्याने काही न विचारता, एक पूर्ण वाक्य बोलायला लागला होता. त्याच्या शर्टाची वरची गुंडी लावलेली होती, हेही लाल्याला आठवत होतं. हेडफोन एका कानावर होता, एक कान मोकळा होता. पण डोळे आवाज मोजणाऱ्या मीटरच्या सुईवर होते. दादा एका शब्दावर अडला, ओठ मिटले, आत हवा साठली, आणि ब् सुटला, परत ब्, परत ब्, आणि मग बो. सुई प्रत्येक वेळी लाल पट्टीला धडकून परत आली. लाल्याच्या अंगावर काटा आला. सापडलं, असं तो मनात म्हणाला. दादा पुढे बोलत होता, बराच वेळ बोलत होता, आणि लाल्या म्हणाला, "हो, हो. बघतो ना." दादाचा चेहरा उजळला होता. तोही आठवत होता. सगळं आठवत होतं, वाक्य सोडून.

डब नावाचं संगीत करणाऱ्या माणसाला फार काही लागत नाही. एक ठेका, एक जाड, पोटात वाजणारा खालचा सूर, आणि एक आवाज, शक्यतो माणसाचा. ठेका चालू असताना मध्येच सगळं बंद करायचं आणि तो एकच आवाज डिलेमध्ये फेकायचा. डिले म्हणजे मशीनने ऐकलेलं थोड्या वेळाने पुन्हा म्हणणं. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. जे परत आलं ते त्याच वाटेने पुन्हा आत पाठवायचं, म्हणजे मशीन आपलंच म्हणणं ऐकून तेच पुन्हा म्हणत राहतं. दर फेरीला आवाजाचा थोडा उजेड जातो, कडा झिजतात, शब्दाचा नुसता आकार उरतो आणि तो पाइपातून गेल्यासारखा लांब लांब जातो. किती आत पाठवायचं ते एका बटणावर असतं. कमी फिरवलं तर आवाज दोन पावलांत बसतो. जास्त फिरवलं तर तो मरतच नाही, स्वतःच्या जिवावर वाढायला लागतो, किंचाळतो, सगळं गिळून टाकतो. कौशल्य असं की त्याला त्या काठापर्यंत न्यायचं, लोकांच्या पोटात गोळा आला की हलकेच मागे खेचायचं, आणि त्याच क्षणाला ठेका परत टाकायचा. लाल्याला हे जमायचं. आयुष्यात त्याला जमलेल्या ज्या थोड्या गोष्टी होत्या त्यांत ही पहिली.

त्या दुपारी दादा जिना उतरला असेल नसेल, लाल्याने मशीनवर भरलं गेलेलं ते बोलणं उघडलं. छोट्या पडद्यावर ते सगळं डोंगररांगेसारखं दिसत होतं. त्याने सुरुवातीची खूण त्या पहिल्या ब् च्या अलीकडे आणली, शेवटची खूण बो च्या पलीकडे. इतकं हवं होतं. बाकीचं नको. त्याचं मशीन जुनं, दुसऱ्याने वापरून टाकलेलं, आणि पोट इवलंसं. म्हणून त्याने हाताला एक सवयच लावून घेतली होती: तुकडा कापला की उरलेलं पुसायचं. मशीन दर वेळी विचारतं, उरलेलं पुसू का? खात्री आहे? आणि लाल्या न वाचता हो म्हणतो, जसं आपण ओळखीच्या माणसाला बरं आहे म्हणतो. त्या दिवशी त्याने दोनदा हो म्हटलं. आधी दादाला, मग मशीनला.

खोलीवर येऊन त्याने मशीन चालू केलं. वेड्या आशेने तो कापलेल्या खुणा मागे ओढत राहिला, पुढे ओढत राहिला. खुणा जागच्या हलेनात. मागे काही नव्हतंच, पुढेही काही नव्हतं. त्याने तुकडा वाजवायचा पॅड दाबला. ब्, ब्, ब्, बो. डिले बंद होता, त्यामुळे आवाज कोरडा आला, जवळून आला, दादा मागे उभा असल्यासारखा. लाल्याने खरोखर मान वळवली. मग मनातल्या मनात तो त्या बो पुढे अक्षरं लावून बघू लागला. बोनस? दादा पैशाचं कधी बोलला नव्हता. बोट? बोटाला काही झालं असेल, काचा घासताना कापलं असेल? बोर्ड? काय बोर्ड, कसला बोर्ड? हे काय चाललंय आपलं, त्याला वाटलं. भावाचं वाक्य म्हणजे काय शब्दकोडं आहे? आणि या सगळ्या खटाटोपात एक सोपी गोष्ट त्याने जवळ येऊ दिली नव्हती, की जाऊन विचारावं. दादा, मी ऐकलं नाही, परत सांग. दुसऱ्या कुठल्याही माणसाला हे म्हणता येतं. पोस्टातल्या कारकुनाला, बस कंडक्टरला, खुद्द साहेबालासुद्धा. दादाला नाही. दादाला एक वाक्य म्हणजे एक चढण असते. ती चढून आलेल्या माणसाला, मी बघत नव्हतो, परत खाली जा आणि पुन्हा चढून ये, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

तोंड. लहानपणी लाल्याला सगळे दादाचं तोंडच म्हणायचे. दुकानात दादा अडला की मागून हा पूर्ण करायचा: साबण! सुतळी! शाईची दौत! दुकानदार कौतुकाने हसायचे, धाकटा किती हुशार. दादाही हसायचा. लाल्याचं खरं नाव प ने सुरू होतं आणि दादाचे ओठ प वर मिटले की लवकर उघडत नसत, म्हणून दादाने त्याला लाल्या केलं. ल त्याच्या जिभेवरून सुरळीत उतरायचा. पुढे सगळं घर लाल्या म्हणायला लागलं आणि का ते सगळे विसरले. एकदा मामा आला होता, खिसा गरम होता. तुला काय हवं ते माग, म्हणाला. दादाचे ओठ मिटले. ब्, ब्, आणि लाल्याने झेप घेतली, "बूट! त्याला बूट हवेत!" मामाने बूट आणले, तेही एक माप लहान. दादाने ते वर्षभर घातले. पाय आखडून चालायचा. मग कितीतरी वर्षांनी, मुलगी हाताशी आल्यावर, दादाने तिच्यासाठी बुद्धिबळाचा पट आणला आणि सोंगट्या मांडता मांडता सहज म्हणाला, "मामाकडे हे म... मागत होतो मी." रागाने नाही. गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले, लाल्या सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याला स्वतःच्या पायाचे अंगठे दुखल्यासारखे वाटले.

आणि आता पोटापाण्यासाठी तो काय करतो? हे आठवलं आणि तो खुर्चीतून उठला, पाणी प्यायला, परत बसला. एका स्टुडिओत तो दिवसभर लोकांची बोलणी साफ करतो. कंपन्यांचे साहेब, शिकवण्या घेणारे मास्तर, आरोग्यावर माहिती सांगणारे डॉक्टर येतात, माइकसमोर त्यांची त्रेधा उडते, अं अं करतात, शब्द गिळतात, तेच तेच बोलतात. लाल्या ते सगळं कापतो. श्वाससुद्धा कापतो. मागे राहतं ते सलग, गुळगुळीत, जणू हा माणूस आईच्या पोटातूनच भाषण करत आला. साहेब लोक ऐकतात आणि खूश होतात, "मी इतकं चांगलं बोललो?" लाल्या म्हणतो, "तुम्हीच बोललात, सर." अशा कितीतरी परक्या माणसांची अब्रू त्याने राखली होती. घरच्या माणसाचं अडखळणं मात्र त्याने निवडून काढलं, घासूनपुसून घेतलं, आणि भर सभेत वाजवलं.

शनिवार त्याला आठवायचा नव्हता. म्हणजे तो आठवणारच. एका कॅफेच्या तळघरात संध्याकाळचा कार्यक्रम, जेमतेम जागा, भिंतीला टेकलेले स्पीकर, समोर तरुण पोरंपोरी. ठेका जमला होता. लाल्याने सगळं बंद केलं आणि दादाचा तुकडा फेकला. ब्, ब्, ब्, बो. अडखळण्याची स्वतःची एक लय असते. तिच्यावर डिलेची लय चढली आणि दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालत नाचायला लागल्या. पोरं ओरडली. त्याने बटण फिरवलं, आवाज आपलाच आवाज खात वाढू लागला, डिलेचा वेळ किंचित ओढला तसा सूर खाली घसरला, एखादा राक्षस तोतरं बोलत जिना उतरतोय असं वाटलं, आणि लोक हसले. हसून नाचायला लागले. पुढच्या फेरीला ते सगळे मिळून म्हणू लागले, बो, बो, बो! आणि लाल्याने डोकं वर केलं तर दाराशी दादा उभा. इस्त्रीचा शर्ट, वरची गुंडी लावलेली. लाल्याने त्याला बोलावलं नव्हतं; वहिनीने कुठेतरी जाहिरात बघून पाठवलं असणार. आजूबाजूची सगळी तोंडं दादाचा आवाज काढत होती आणि मधोमध एकटा दादा तोंड मिटून उभा होता. तेव्हा बटण मागे घ्यायला हवं होतं. हात तिथेच होता. पण तो काठ आला होता, लोकांच्या पोटात गोळा आला होता, आणि लाल्याने, हे त्याला आता स्वतःशीसुद्धा नाकारता येईना, बटण आणखी थोडं पुढे फिरवलं. ठेका पडला तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. दादाने टाळ्या वाजवल्या. नंतर गर्दीतून जवळ आला आणि म्हणाला, "आवाज छ... छान लागला." इतकंच म्हणून गेला. लाल्याने स्वतःची समजूत घातली, त्याने ओळखलं नसेल. स्वतःचा आवाज माणसाला कुठे ओळखू येतो? हे त्याला मनापासून पटलं नव्हतं, पण त्या रात्री झोप लागावी इतपत पटलं होतं.

ड्रिल परत केल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सुटीत, तो कारखान्यावर गेला. वाटेत त्याने एक युक्ती ठरवली होती. परत सांग असं म्हणायचंच नाही. "दादा, तुझं ते काम, जरा नीट समजावून घ्यायचं होतं," असं म्हणायचं. दादा आपणहून बोलेल, आपल्याला कळेल, आणि कुणाला काही कळणार नाही. स्टुडिओत साहेबांशी तो असंच बोलायचा. युक्ती चांगली होती. मागच्या खोलीत दादा एकटाच होता. चाक फिरत होतं, पाण्याची बारीक धार काचेवर पडत होती, आणि दादा बोटाच्या पेराने काचेचा काठ चाचपत होता. लाल्या दिसताच त्याने चाक बंद केलं. बोलायचं असलं की दादा आधी सगळे आवाज बंद करतो. खोली गप्प झाली. चाक आपल्या वेगाने थोडा वेळ फिरत राहिलं आणि थांबलं. लाल्याची युक्ती त्या शांततेत पार उघडी पडली.

"दादा," तो म्हणाला, "त्या दिवशी तू आलास, बोललास, ते मी ऐकलंच नाही. हो म्हणालो ते उगाच. मी त्या सुईकडे बघत होतो. आणि नंतर ते... ते बोलणं माझ्याकडून पुसलं गेलं. गेलं नाही, मी पुसलं. फक्त तुझं ते अडलेलं ठेवलं. शनिवारी वाजवलं ते तुझंच होतं."

"माहीत आहे," दादा म्हणाला. "मी लगेच ओळखलं."

"मग बोलला का नाहीस?"

दादाने खांदे उडवले. काच उजेडाकडे धरून बघितली. त्या काचेत काही दोष नसणार, पण तो बघत राहिला.

"परत सांगशील?" लाल्या म्हणाला. शेवटी म्हणालाच. कान तापले होते. "काय विचारलं होतंस?"

दादाने तयारी केली. ती तयारी लाल्याने जन्मभर पाहिली होती आणि कधी पाहिली नव्हती: हनुवटी जराशी खाली, डाव्या हाताची मूठ, नजर समोरच्याच्या खांद्यावर. "तुला म्हटलं होतं," दादा म्हणाला, "तुझ्या त्या मशीनवर माझं ब्..." ओठ मिटले. लाल्याच्या जिभेच्या टोकावर शब्द येऊन बसले, सगळे एकदम, लहानपणापासून साठलेले. त्याने दात दातांवर दाबले. ब्. परत ब्. इथे डिले नव्हता, ठेका नव्हता, कुणी हसत नव्हतं, आणि त्या मिटलेल्या ओठांमागे एक माणूस ढकलत होता, एवढंच होतं. "...बोलणं," दादा म्हणाला. "माझं बोलणं भरून घेशील का. आणि मग अडखळलेलं तेवढं क... कापून, बाकीचं जोडून देशील का. सलग."



"पोरीचा वाढदिवस येतोय. पुढच्या आठवड्यात." दादाची मुलगी दुसऱ्या गावी शिकत होती; रविवारी फोन करायची आणि मायेने म्हणायची, पप्पा, तुम्ही नुसतं ऐका, मी बोलते. "ती बोलते, मी ऐकतो. म्हटलं, एकदा तिने ऐकावं. एकदा स... सलग. ती लहान असताना तिला गोष्ट सांगायची होती एक. ती राहिली."

"मग मला परत का नाही विचारलंस? इतके दिवस?"

दादाला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. "शनिवारी आलो होतो ना," तो म्हणाला. "वाटलं, कधी भरून घ्यायचं ते विचारावं. तर तू ते वाजवलंस. म्हटलं, हेच उत्तर असेल." बोलता बोलता तो थोडं हसला, लाल्याला अवघडू नये म्हणून. "म्हणजे तू करून बघितलंस, पण मशीनला सलग नाही जमत. अडलेलं तेवढंच त्याला नीट ध... धरता येतं. म्हणून टाळ्या वाजवल्या. तू मेहनत तर घेतलीच होतीस."

लाल्याने टेबलाची कड धरली. ओल्या काचेचा बारीक चिखल हाताला लागला. शिवी चालली असती. थोबाडीत चालली असती. दादा त्याच्यावर रागावलाच नव्हता. त्याच्या नालायकीला मेहनत समजून तो इतके दिवस गप्प बसला होता, आणि मुलीला एकदा सलग ऐकवायची आशा घरी जाऊन, गुपचूप, दादाने स्वतःच पुसली होती.

"का?" दादाने विचारलं. लाल्याच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं असावं. हातातली काच खाली आली. "जमतं? खरंच क... कापता येतं?"

येतं, असं म्हणायचं होतं. रोज तेच करतो, दादा, परक्या माणसांसाठी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच करतो, असं म्हणायचं होतं. लाल्याने तोंड उघडलं. शब्द बाहेर पडेना. त्याने पुन्हा प्रयत्न केला. दादाच्या डोळ्यांत दिसत होतं की शब्द कोणता ते त्याला कळलंय. पण त्याने तो पुरा करून दिला नाही. कुणाचाच शब्द तो कधी पुरा करत नसे. त्याने काच फडक्यावर ठेवली, हात पुसले, स्टूल पुढे ओढलं, आणि लाल्याच्या समोर वाट बघत बसला.